विश्लेषण : गोल फिरणाऱ्या लेथवर षटकोनी भोक कसे पडते? जिनिंगच्या शाफ्टशी त्याचा संबंध काय?

ड्रिल फिरते, म्हणून भोक गोल पडते. हे आयटीआयच्या पहिल्या वर्षातल्या मुलालाही ठाऊक असते. मग अ‍ॅलन बोल्टच्या डोक्यातल्या भोकाला सहा कोपरे कुठून येतात? गोटी पान्याच्या मागचे भोक चौकोनी कसे होते? आणि तेही लेथवर, जिथे जॉब सतत गोल फिरत असतो?

यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यात हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. दिवाळीनंतर वणी, राळेगाव, पांढरकवडा, घाटंजीच्या बाजारात कापसाची आवक वाढते आणि जिनिंग फॅक्टऱ्यांचे पट्टे फिरू लागतात. फिरत्या शाफ्टवर बोटभर वर आलेला एखादा बोल्ट कुणाचा पदर, दुपट्टा किंवा सदऱ्याची बाही क्षणात ओढून घेऊ शकतो. तो बोल्ट पृष्ठभागाच्या आत बुडवायचा, तर त्याला बाहेरून पाना लावता येत नाही. भोकच षटकोनी करावे लागते. असे भोक साध्या लेथवर पाडणारे टूल म्हणजे रोटरी ब्रोच. ते कसे चालते आणि कुठे चालत नाही, ते पाहू.

षटकोनी भोकाची गरज का पडली?

जुन्या कारखान्यांत प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर नसे. एका इंजिनावर किंवा मोठ्या मोटरवर लांबलचक लाइन शाफ्ट फिरे. त्यावरच्या पुल्यांवरून पट्टे निघत आणि प्रत्येक यंत्राला गती मिळे. आपल्याकडच्या जुन्या जिनिंग फॅक्टऱ्याही याच पद्धतीने चालत.

पुली शाफ्टवर घसरू नये म्हणून तिच्या मधल्या जाड भागातून, म्हणजे हबमधून, एक स्क्रू शाफ्टवर आवळतात. त्याला सेट स्क्रू म्हणतात. पूर्वी या स्क्रूला पाना लावण्यासाठी चौकोनी डोके असे आणि ते हबच्या बाहेर राही. शाफ्ट फिरू लागला की हे डोके दिसतही नाही, पण कपडा मात्र पकडते. अशा अपघातांमुळे बिनडोक्याचा, हबच्या आत बुडणारा स्क्रू हवा होता.

कॅनडातले पी. एल. रॉबर्टसन यांनी १९०८ मध्ये चौकोनी खाच असलेला स्क्रू आणला. अमेरिकेत हार्टफर्डच्या विल्यम अ‍ॅलन यांना १९१० मध्ये षटकोनी भोकाच्या स्क्रूचे पेटंट मिळाले. आज प्रत्येक मेकॅनिकच्या पेटीत असलेली ‘अ‍ॅलन की’ ओळखली जाते ती याच आडनावाने. अ‍ॅलन यांच्या स्क्रूची तेव्हा ‘सेफ्टी सेट स्क्रू’ म्हणूनच जाहिरात होत असे.

भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमात हाच मुद्दा कायद्यात आला. त्यातील कलम २६ नुसार, कायदा लागू झाल्यानंतर बसवलेल्या यांत्रिक शक्तीवरच्या यंत्रात फिरता शाफ्ट, चाक किंवा पिनियनवरचा प्रत्येक सेट स्क्रू, बोल्ट किंवा चावी आत बुडवलेली, झाकलेली किंवा अन्य प्रकारे सुरक्षित केलेली असणे बंधनकारक झाले.

अशी भोके एरवी कशी पाडतात?

पद्धत कामानुसार बदलते. बाजारात मिळणाऱ्या अ‍ॅलन बोल्टचे भोक कापलेले नसते, ते ठोकलेले असते. थंड धातूत षटकोनी पंच दाबून डोके घडवतात. लाखोंच्या संख्येसाठी हीच स्वस्त पद्धत आहे, पण एका-दोन नगांसाठी तिचा उपयोग नाही.

पातळ पत्र्यात चौकोनी भोक हवे असेल तर पंच आणि डाय वापरतात. भोक आरपार असेल तर लांब दातेरी ब्रोच प्रेसने ढकलतात किंवा ओढतात. त्याचा प्रत्येक दात आधीच्यापेक्षा किंचित मोठा असतो आणि शेवटचा दात बाहेर पडतो तेव्हा आकार पूर्ण झालेला असतो. मात्र भोकाला तळ असेल, म्हणजे ते ब्लाइंड होल असेल, तर हा ब्रोच पलीकडे जाणार कुठून?

अशा वेळी ईडीएमवर ठिणग्यांनी धातू झिजवून आकार काढता येतो. काम अचूक होते आणि कठीण केलेल्या पोलादातही होते, पण वेळ लागतो आणि मशीन जवळ असावे लागते. स्लॉटिंग मशीनवर एकेक बाजू कापता येते, पण टूलला खाली मोकळी जागा लागते. उरतो तो जुना मार्ग : ड्रिल मारा आणि कानस घेऊन बसा. किंवा गोल भोकात नट ठोकून वेल्डिंग करा. शेतीच्या घाईत हा जुगाड चालतो, पण फिरत्या शाफ्टवर त्याचा भरवसा धरता येत नाही.

चौकोनी भोक पाडणारे ड्रिल नसते का?

असते. अमेरिकेतल्या हॅरी वॉट्स यांनी १९१७ मध्ये अशा ड्रिलची पेटंटे घेतली. फुगीर बाजूंचा त्रिकोण चौकोनी चौकटीत फिरवला की त्याची टोके जवळपास चौकोन आखतात, या भूमितीवर ते चालते. पण त्याला खास सरकता चक आणि चौकोनी गाइड प्लेट लागते, शिवाय कोपरे किंचित गोलसर राहतात. रोटरी ब्रोचचे तत्त्व यापेक्षा वेगळे आहे.

रोटरी ब्रोच म्हणजे नेमके काय?

त्याचे दोन भाग असतात. पहिला म्हणजे ब्रोच : कठीण पोलादाचा छोटा दांडा, ज्याचे टोक हव्या त्या आकाराचे, षटकोनी किंवा चौकोनी असते. टोकाची कडा धारदार असते.

दुसरा भाग होल्डर. खरी करामत इथे आहे. होल्डरच्या आत बेअरिंगवर बसलेला एक स्पिंडल असतो आणि ब्रोच त्यात पकडलेला असतो. हा स्पिंडल मोकळा फिरतो, पण लेथच्या अक्षाशी सरळ रेषेत नसतो. तो साधारण १ अंशाने कललेला असतो. कल असा दिलेला असतो की ब्रोचच्या टोकाचा मध्यबिंदू बरोबर जॉबच्या मध्यरेषेवर येतो.

होल्डर टेलस्टॉकमध्ये किंवा सीएनसीच्या टरेटमध्ये बसवतात. जॉब चकमध्ये फिरत असतो. ब्रोच पुढे नेऊन भोकाच्या तोंडावर टेकवला की जॉबच त्याला आपल्याबरोबर फिरवू लागतो.

मग कोपरे पुसले का जात नाहीत?

कारण ब्रोच आणि जॉब एकत्रच, एकाच वेगाने फिरतात. जॉबच्या दृष्टीने पाहिले तर ब्रोच फिरतच नाही. तो फक्त डुलतो.

स्वयंपाकघरात हातातून ताट पडले की ते लगेच स्थिर होत नाही. थरथरत राहते आणि त्याच्या काठाचा एकच बिंदू जमिनीला टेकतो. तो बिंदू काठावरून गोल धावत असतो. १ अंशाने कललेल्या ब्रोचचेही असेच होते. कोणत्याही क्षणी त्याची एकच बाजू खोलवर दाबलेली असते. पुढच्या क्षणी शेजारची बाजू, मग त्याच्या शेजारची. एका फेऱ्यात सर्व कोपऱ्यांची पाळी येते. प्रत्येक कोपरा छन्नीसारखा थोडासा धातू काढतो.

डुलणे किती? समोरासमोरच्या बाजूंत १० मिमी अंतर असलेल्या षटकोनाचे समोरासमोरचे कोपरे ११.५५ मिमी अंतरावर असतात. १ अंशाच्या कलाने या दोन टोकांत पुढे-मागे होणारा फरक जेमतेम ०.२ मिमी भरतो. डोळ्यांना कळणारही नाही इतकी ही हालचाल आहे.

फायदा दाबात होतो. सगळे कोपरे एकदम धातूत घुसवायचे तर मोठा प्रेस लागेल. खांब जमिनीत सरळ दाबला तर जात नाही, तोच हलवत हलवत दाबला की उतरतो. इथे तसेच आहे. टेलस्टॉकवर पिळण्याचा भार जवळपास येत नाही, कारण ब्रोच मोकळा फिरतो. येतो तो फक्त दाब.

ब्रोचच्या अंगाला टोकापासून मागे किंचित निमुळतेपणा दिलेला असतो. तो १ अंशापेक्षा जास्त असावा लागतो. नाहीतर कललेल्या ब्रोचचे अंग भोकाच्या भिंतीला घासेल.

षटकोनापेक्षा चौकोन अवघड का?

आधी गोल ड्रिल मारायचे आणि उरलेले कोपरे ब्रोचने काढायचे, अशी ही विभागणी आहे. कोपऱ्यांत किती धातू उरतो, यावर सगळे अवलंबून असते.

१० मिमी षटकोनाचे क्षेत्रफळ ८६.६ चौरस मिमी. त्यात १० मिमीचे गोल ड्रिल मारले तर ७८.५ चौरस मिमी निघून जातात. सहा कोपऱ्यांत मिळून ८ चौरस मिमी उरतात.

१० मिमी चौकोनाचे क्षेत्रफळ १०० चौरस मिमी. त्याच ड्रिलनंतर चार कोपऱ्यांत २१.५ चौरस मिमी उरतात. म्हणजे एकूण काम अडीच पटीहून जास्त आणि दर कोपऱ्याला चौपट.

म्हणून चौकोनासाठी ड्रिल जाणीवपूर्वक मोठे घेतात. १० मिमी चौकोनाला १०.५ मिमीचे ड्रिल मारले तर प्रत्येक बाजूच्या मध्यावर सुमारे ३.२ मिमी रुंद आणि पाव मिमी खोल असा गोलसर पट्टा राहतो. दिसायला तो दोष वाटतो, पण चावीची पकड कोपऱ्यांजवळ असते, त्यामुळे बहुतेक कामांत तो चालतो.

एक काम, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा, जुन्या लाइन शाफ्टवरच्या पुलीत अर्धा इंची व्हिटवर्थ आट्यांचा, चौकोनी डोक्याचा सेट स्क्रू आहे. ब्रिटिश काळातल्या यंत्रांवर हे आटे सर्रास सापडतात. त्याच आट्यांचा, हव्या त्या लांबीचा बिनडोक्याचा ग्रब स्क्रू दुकानात मिळाला नाही, तर तो लेथवर करता येतो.

१. भिंत तपासा. अर्धा इंची व्हिटवर्थच्या आट्यांच्या तळाचा व्यास सुमारे १० मिमी असतो. त्यात ६ मिमी षटकोन घेतला तर समोरासमोरचे कोपरे ६.९३ मिमी अंतरावर येतात. दोन्ही बाजूंना सुमारे दीड मिमी भिंत उरते. ८ मिमी षटकोन घेतला असता तर अर्धा मिमीसुद्धा उरली नसती.

२. ड्रिल. ६ मिमी षटकोनाला ६.१ मिमीच्या आसपासचे ड्रिल. षटकोन ६ मिमी खोल हवा असेल तर ड्रिल ९ ते १० मिमी खोल. कापलेला धातू तळाशी गोळा होतो, त्याला जागा हवी.

३. चॅम्फर. भोकाच्या तोंडाला ९० अंशाचा उतार, कोपऱ्यांच्या मापापेक्षा किंचित मोठा. इथेच ब्रोच पहिल्यांदा टेकतो आणि फिरू लागतो. चॅम्फर नसेल तर धारदार कोपरे थेट सपाट तोंडावर आदळतात.

४. मध्य जुळवा. ब्रोचच्या टोकाचा मध्य जॉबच्या मध्यरेषेवर डायल इंडिकेटरने तपासा.

५. फीड. जॉब फिरत असताना ब्रोच टेकवा आणि न थांबता, एकसारखा पुढे न्या. साध्या पोलादात दर फेऱ्याला ०.०५ मिमी धरले तर ६ मिमी खोलीला १२० फेरे लागतात. मिनिटाला ६०० फेरे असतील तर १२ सेकंद. भरपूर तेल द्या.

६. तळ साफ करा. कापलेला धातू कधी तळाशी चिकटून राहतो. तेच ड्रिल पुन्हा हलके फिरवून तो काढा.

७. कठीण करणे शेवटी. रोटरी ब्रोच मऊ अवस्थेतल्या पोलादातच चालतो, म्हणून हार्डनिंग नंतरच करावे. ते टाळूही नये. बाजारातले ग्रब स्क्रू कठीण केलेले असतात. मऊ पोलादाच्या स्क्रूचे कोपरे चावीने दोन-तीनदा आवळल्यावर गोल होतात. मग तो ना आवळता येतो, ना काढता.

काम नेमके कुठे बिघडते?

सर्वाधिक बिघाड मध्य चुकल्याने होतो. जुन्या लेथचा टेलस्टॉक झिजून खाली बसलेला असतो. गोल ड्रिल ते सहन करते, रोटरी ब्रोच नाही. भोक मापापेक्षा मोठे होते, तोंडाशी फाकते किंवा ब्रोचचा कोपरा तुटतो.

दुसरा दोष पीळ पडण्याचा. खोल भोकात षटकोन सरळ न जाता आट्यांसारखा हळूहळू वळत जातो. उपाय सोपा आहे : निम्म्या खोलीवर लेथ उलटा फिरवायचा. त्यासाठी चक थ्रेडवर बसवलेला नसावा, अन्यथा तो उलट फेऱ्यात सुटू शकतो.

तिसरा, बंद भोकात अडकलेली हवा आणि तेल. ब्रोच दट्ट्यासारखा भोकात बसतो आणि दाब वाढतो. म्हणूनच अनेक ब्रोचच्या मध्यातून बारीक भोक काढलेले असते.

चौथा दोष धार लावण्यातून येतो. अंग निमुळते असल्याने टोक घासले की ब्रोचचे माप किंचित कमी होते. लांबीही घटते आणि टोक मध्यबिंदूवरून सरकते. धार लावल्यावर दोन्ही पुन्हा तपासावी लागतात.

याच्या मर्यादा कोणत्या?

खोली ही पहिली. साधारणपणे बाजूंमधल्या अंतराच्या दीडपट खोलीपर्यंत काम नीट होते. १० मिमी षटकोनाला १५ मिमी. त्यापुढे दाब आणि पीळ, दोन्ही वाढतात.

दुसरी मर्यादा दिशेची. साध्या होल्डरमध्ये ब्रोच जसा टेकेल तसा पकडला जातो. षटकोनाचा कोपरा जॉबवरच्या दुसऱ्या एखाद्या खाचेच्या रेषेतच हवा असेल, तर दिशा बांधून देणारा खास होल्डर लागतो.

तिसरी धातूची. पितळ, अ‍ॅल्युमिनियम आणि साधे पोलाद सोपे. स्टेनलेस स्टील चिवट. बीड ठिसूळ असल्याने कडा तुटण्याची भीती.

या मर्यादांत राहून जगभर मोठे काम होते. हाडे जोडण्याच्या स्क्रूंच्या डोक्यातले बारीक षटकोन हे त्याचे एक उदाहरण. ३.५ मिमीच्या हाडाच्या स्क्रूला २.५ मिमीचा षटकोन असतो.

छोट्या वर्कशॉपने घ्यावे का?

आधी हे पाहावे की भोक खरेच पाडायला हवे का. मेट्रिक ग्रब स्क्रू हार्डवेअरच्या दुकानात तयार मिळतात : एम ८ ला ४ मिमीची चावी, एम १० ला ५ मिमीची, एम १२ ला ६ मिमीची. ते लेथवर करणे म्हणजे वेळ आणि पोलाद दोन्ही वाया. शाफ्टवरचा चौकोनी डोक्याचा बोल्ट बदलायला अनेकदा एवढा एक तयार स्क्रू पुरतो.

पेरणी यंत्रात बियाण्याचे रोलर चौकोनी शाफ्टवर बसतात. तिथले भोक आरपार असते, म्हणून त्याला साधा ब्रोच किंवा स्लॉटिंग बरे. वखराच्या तव्यांची चौकोनी भोके पंचची.

रोटरी ब्रोचची जागा उरते ती यांच्या मधे. आटे वेगळे, लांबी वेगळी, भोकाला तळ आहे, नग पाच-पंचवीस आहेत आणि धातू अजून मऊ आहे. खास गोटी, पितळी प्लग, व्हॉल्व्हचा स्पिंडल, जुन्या यंत्राचा सेट स्क्रू. एक होल्डर असला की आकारानुसार फक्त ब्रोच बदलायचे. ज्या वर्कशॉपला असे काम महिन्यातून एकदाच येते, त्याने ते ईडीएमवाल्याकडे पाठवणे शहाणपणाचे. ज्याला दर आठवड्याला येते, त्याच्यासाठी नागपूरची सुमारे १५० किलोमीटरची खेप वाचते आणि ऐन हंगामात तोच फरक मोठा असतो.

जिनिंगच्या मालकांसाठी मात्र टूल घेण्याआधीचे काम सोपे आहे. हंगाम सुरू होण्यापूर्वी, वीज बंद करून आणि मेन स्विचला कुलूप लावून, प्रत्येक शाफ्ट हाताने एकदा पूर्ण फिरवावा. हबच्या बाहेर डोकावणारा प्रत्येक बोल्ट खडूने खुणावावा. ज्याला तयार ग्रब स्क्रू बसतो तिथे तो बसवावा, ज्याला बसत नाही तो टर्नरकडे द्यावा. स्क्रू आवळल्यावर त्याचे तोंड हबच्या पृष्ठभागाच्या खाली गेले की नाही, हे कापडाचा तुकडा फिरवून पाहता येते. शाफ्ट थांबलेला असतानाच. कापड कुठेही अडकले नाही, तरच पट्टा चढवावा.